मातीच्या छातीतले ठोके

हे लिहायला मला मुळीच आवडत नाहीये, हे आधी सांगून टाकते. या सदरातले अनुभव मी कितीतरी वर्षं वाचतेय आणि बहुतेकांवर नाक मुरडतेय. कुणाला वारलेले आजोबा दिसतात, कुणाला पैंजण ऐकू येतात... आणि प्रत्येक वेळी नेमकी लाइट गेलेली असते! मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. माझा विश्वास तारेवर, सोल्डरिंगवर आणि मल्टिमीटरवर. जे आहे ते मोजता येतं, आणि मोजता येत नसेल तर तुमचं मोजायचं साधन भिकार आहे. माझा संताप नेमका इथेच होतो. कारण जे घडलं ते मी मोजलंय. भर दुपारी, लख्ख उजेडात, स्वतःच्या हातांनी.

माझं माहेर पेणचं. घरात सगळे शिक्षक, त्यामुळे भुताखेतांना आमच्याकडे कधी उंबरा ओलांडता आला नाही. आता मी राहते वरसेला, रोह्याला अगदी लागून, आणि नोकरी करते धाटाव रस्त्यावरच्या एका लहानशा कंपनीत. आम्ही वैद्यकीय उपकरणांचे सुटे भाग बनवतो. माझ्याकडे काम होतं नवीन इलेक्ट्रोडचं.

ईसीजी काढताना छातीवर गोल चिकट स्टिकर लावतात ना, तो इलेक्ट्रोड. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंगात अगदी बारीकशी वीज फिरते, ती कातडीवरून उचलून मशीनला द्यायची एवढंच त्याचं काम. खाली जेल असतं. एसी खोलीत, मऊ कातडीच्या माणसाला लावलं तर झकास चालतं. पण आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारट पट्ट्यात, मिठागरावर जन्म काढलेल्या माणसाला लावून बघा! उन्हानं आणि खाऱ्या पाण्यानं राठ झालेली कातडी, तिच्यावर घामाच्या धारा. स्टिकर घसरतो, नाहीतर जेल सुकतं, आणि कागदावर ठोक्यांच्या जागी नुसतं गवत उगवतं. मशीनवाला ओरडतो ‘हलू नका’, माणूस म्हणतो ‘मी हललो नाय’, आणि डॉक्टर त्या गवतातून जमेल तो अर्थ काढून ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतात. माणूस बिचारा विश्वासानं घरी जातो. याची मला चीड येते, आणि त्या चिडीपोटीच मी हे काम मागून घेतलं होतं.

माझ्या इलेक्ट्रोडला जेलही नाही आणि चिकटपणाही नाही. चांदीचा मुलामा दिलेले बारीक बोथट दात, कंगव्यासारखे पण तांदळाच्या कणीएवढे. मागे लवचिक रबर, वर पट्टा. दात राठ कातडीवर घट्ट टेकतात, आणि घाम आला तर उलट बरंच, कारण खारट पाण्यातून वीज चांगली जाते. कुठल्याही ईसीजी मशीनच्या वायरीला बसेल असं प्रेसबटण मी मुद्दाम ठेवलं होतं. हे सगळं जमेपर्यंत मी किती दात घासले, किती फेकले, ते माझं मला माहीत.

माणसांवर लावायच्या आधी चाचणीला एक नकली धड लागतं. बाजारातल्या धडाची किंमत ऐकून साहेबांनी कानाला हात लावले. जिलेटिनचं करून पाहिलं तर कोकणच्या दमट हवेत त्याला चार दिवसांत बुरशी. तेव्हा मला आपला पेणचा सुधामामा आठवला. मामाचा गणपतीचा कारखाना आहे, तोही शाडूचा. शाडूची माती मिठाच्या पाण्यात मळली, वर ओलं फडकं ठेवलं, तर तिच्यातून वीज जवळपास अंगातून जाते तशी जाते. माझ्या मते कल्पना उत्तम होती. मामाच्या मते ती पाप होती.

“अगो, गणपती तोंडावर आलेत आणि तू मला धड करायला सांगतेस? तेपण मुंडक्याशिवाय?”

“मामा, मला मूर्ती नकोय. चाचणीचं सामान हवंय.”

“माझ्या कारखान्यात सामान होत नाय. मूर्ती होते.”

शेवटी केलं त्यानं. पण मामाच्या हाताला देवाचं गोल पोट घडवायची सवय, आणि मला हव्या होत्या कष्टकरी माणसाच्या बरगड्या. म्हणून साचा खऱ्या माणसावरून घ्यायचं ठरलं. तो माणूस म्हणजे दत्तारामदादा. उन्हाळ्यात मिठागरावर आणि पावसाळ्यात मिठागर बंद झालं की मामाकडे माती मळायला, असा त्याचा वर्षानुवर्षांचा क्रम. पन्नाशीचा, काटक, तोंडानं सतत कुणाची तरी खेचणारा. माझ्या मातीसाठी खाडीचं खारं पाणीसुद्धा त्यानंच आणलं. छातीवर तेल चोळून, वर प्लास्टरच्या पट्ट्या टाकून त्याला फळीवर झोपवलं तेव्हा म्हणाला, “बाय, माजा पुतला करतंस ना? मंग चौकात उभा कर. कावल्यांना बसाया जागा व्हईल.”

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. तसं ते व्हायला लागल्यावर त्याची थट्टा थांबली. मग म्हणाला, “मना हल्ली मधीच बंद पडल्यासारखा होतं गो. आतून. डोल्यापुढं काला पडतं आनि परत चालू. दवाखान्यात पट्टी काढली, नॉर्मल हाय बोलतात.”

मी विचारलं, “स्टिकर नीट चिकटले होते?”

“चिकटतात कुटं? येक तं माज्या बनियनला चिकटून घरी आला.”

सगळे हसले. मी म्हटलं, “दादा, हे माझं तयार झालं की पहिलं तुम्हालाच लावते.” तो बरं म्हणाला, आणि आम्ही कामाला लागलो.

आता मामाच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. मूर्ती आतून पोकळ असते. ती पोकळी बंद करायच्या आधी, ज्यानं त्या मूर्तीची माती मळली त्यानं आतल्या बाजूनं, छातीच्या जागी, हाताचा तळवा दाबायचा. बाहेरून कुणाला दिसत नाही. मामाच्या वडिलांपासून हे चालत आलंय. माझ्या नकाशावर स्वच्छ लिहिलं होतं की मातीची जाडी सगळीकडे सारखी हवी. आणि मी चहा घेऊन परत येते तर दत्तारामदादानं डाव्या बाजूला आतून सणसणीत तळवा दाबलेला! जाडी गेली ना तिथली! मी इतकी भडकले की बाजूचे कारागीर रंगाचे ब्रश खाली ठेवून बघायला लागले.

“अहो, हा गणपती नाहीये!”

“नाय कसा? माती मी मलली,” दादा म्हणाला. “हात नाय लावला तं अर्धा रायला असता.”

मामा त्याच्याच बाजूनं. देवाच्या कारखान्यातून अर्धं काही बाहेर जात नाही म्हणे. मी पाय आपटत ते धड तसंच रोह्याला आणलं.

गणपती झाले, पाऊस ओसरला, माझे इलेक्ट्रोड तयार झाले. एका दुपारी जेवण उरकून मी आणि आमचा टेक्निशियन निलेश चाचणीला बसलो. पद्धत अशी असते की मातीत पुरलेल्या तारांमधून जनरेटर नावाच्या यंत्रानं खोटे ठोके सोडायचे आणि वर लावलेला इलेक्ट्रोड ते किती स्वच्छ उचलतो ते बघायचं. पण त्याआधी काहीच न सोडता बघायचं. तेव्हा पडद्यावर सपाट रेघ यायला हवी. मी इलेक्ट्रोड पट्ट्यानं बांधले, वायरी लावल्या, लॅपटॉप चालू केला.

पडद्यावर ठोके आले.

धूसर, शंकास्पद वगैरे काही नाही. पुस्तकात छापावेत असे स्वच्छ ठोके. मी आधी निलेशकडे बघितलं. “जनरेटर बंद कर,” म्हटलं. तो म्हणाला, “मॅडम, जनरेटर अजून कपाटात आहे.”

मला राग आला. गंमत करतोय असं वाटलं. मी कपाट उघडून बघितलं, होता आत, वायर गुंडाळलेला. मग मी एकेक गोष्ट काढत गेले. लॅपटॉपचा चार्जर काढला. पंखा, दिवे, अख्ख्या खोलीचा मेन स्विच बंद केला. मोबाइल बाहेर ठेवले. मातीत पुरलेल्या तारा मोकळ्या करून त्यांची टोकं टेपनं गुंडाळली. इलेक्ट्रोड बदलले, वायरी बदलल्या. निलेशला बाहेर काढलं, मग स्वतः बाहेर जाऊन दाराच्या काचेतून पडद्याकडे बघत राहिले. ठोके चालूच. माझेच ठोके कुठून तरी शिरत असतील म्हणून मी दुसऱ्या चॅनेलवर स्वतःला बाजारातले साधे स्टिकर लावले. माझे ठोके रागानं धावत होते. मातीचे संथ होते.

आणि ते मध्येच थांबत होते. दोन ठोके जवळजवळ, मग सपाट रेघ... इतकी लांब की आपलाच श्वास अडकावा... आणि पुन्हा एक जड ठोका, आणि चालू. कितीतरी वेळ मी ते बघत बसले. असले ठोके आमच्या जनरेटरमध्ये नव्हतेच. ते कुणी बनवूही शकत नव्हतं.

मी मामाला फोन लावला. मातीत लोखंडाचा कीस, तार, काही गेलंय का, एवढंच विचारायचं होतं. मी ठोक्यांचं सांगितलं तसा मामा फोन घेऊन कारखान्याबाहेर आला. मग हळूच म्हणाला, “साचा दत्तारामचा ना गो?”

“मामा, प्लीज. त्याचा काय संबंध?”

“संबंध मी कुठं सांगतोय? तो आज सकाळी मिठागराच्या बांधावर पडला म्हणे. घरी आणून टाकलाय.”

मी मामावर ओरडले. काहीतरी जोडू नकोस म्हणाले. पण इलेक्ट्रोड, लॅपटॉप सगळं पिशवीत भरलं आणि गाडी काढली. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्याला पहिलं लावीन असा शब्द दिला होता म्हणून चालले. नागोठणं मागे टाकून गडबपर्यंत त्या महामार्गावर माझ्या हाडांचा जो खुळखुळा झाला त्याबद्दल मी इथे बोलत नाही, नाहीतर संपादकांना जागा पुरायची नाही.

दादाचं घर गडबहून आत, खाडीच्या अंगाला. तो पडवीत खाटेवर टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा. त्याची बायको हिरावहिनी नाकाशी कांदा धरून उभी. शेजारचा एकजण मला दारातच म्हणाला, “काय नाय मॅडम, रातची उतरली नसंल.” दत्तारामदादा आयुष्यात बाटलीला शिवलेला नाही! मिठागरावर मुकादमानंही तेच पसरवलं होतं, हे मला नंतर कळलं. माणूस भोवळ येऊन पडतो आणि गावभर दारुडा ठरतो, याला काय म्हणायचं?

मी त्याला पट्टा बांधला. माझ्या इलेक्ट्रोडनं खऱ्या माणसाच्या छातीवरून उचललेले ते पहिले ठोके, घामानं निथळणाऱ्या त्या राठ छातीवरून. स्वच्छ. दोन जवळजवळ, मग सपाट रेघ, मग एक जड ठोका. दुपारची नोंद लॅपटॉपमध्ये होती. मी दोन्ही एकावर एक ठेवल्या. इथे मी काय बघितलं ते साध्या शब्दांत लिहिते, कारण सजवून लिहिलं तर माझाच विश्वास बसणार नाही. दोन्ही रेघा एकमेकींत बुडाल्या. दिसायला एकच रेघ उरली.

“बाय, तोंड असा का केलास?” दादा म्हणाला. “नॉर्मल नाय काय?”

त्याला गाडीत घालून पेणला आणलं, हिरावहिनी मागे त्याचं डोकं धरून. ज्या दवाखान्यानं नॉर्मल लिहून दिलं होतं तिथेच नेलं, कारण तोच जवळ होता. डॉक्टरांनी माझ्या लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही.

“मॅडम, असलं घरगुती उपकरण मी कसं मान्य करू?”

“घरगुती पापड असतात, डॉक्टर. तुमचं मशीन लावा, फक्त इलेक्ट्रोड माझे लावा. बटण तेच आहे.”

त्यांनी आधी त्यांचे स्टिकर लावले. गवत उगवलं. ‘हलू नका’ झालं, ‘मी हललो नाय’ झालं. एक स्टिकर घसरून खाली पडला. मग मी कुणाला न विचारता दादाला माझा पट्टा बांधला आणि त्यांच्या मशीनच्या वायरी पटापट लावल्या. नर्स अहो अहो करत राहिली. कागद सरकायला लागला. ठोका, ठोका... आणि सपाट. या वेळी रेघ वर यायलाच तयार नव्हती. दादाचे डोळे पांढरे झाले, हात खाटेवरून लोंबला. हिरावहिनीनं जी किंकाळी फोडली ती मला अजून ऐकू येते. डॉक्टर धावले, छाती दाबायला लागले, आणि मग तो जड ठोका आला.

त्यानंतर कुणी ‘घरगुती’ म्हणालं नाही. ॲम्ब्युलन्सनं त्याला पनवेलला हलवलं आणि तिथे त्याला पेसमेकर बसवला. दत्तारामदादा वाचला. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अजून एकदोन असे झटके आले असते तर परत चालू झालं नसतं.

तो सुखरूप आहे असा फोन आल्यावर मी पुन्हा त्या धडाला इलेक्ट्रोड लावले. सपाट रेघ. आडवं करून, उभं करून, माती ओली करून, कोरडी करून, सगळं करून बघितलं. आजतागायत सपाट. ओळखीच्या इंजिनिअरांना नोंद दाखवली. एक म्हणाला, शेजारच्या पंपाची मोटर. मोटर दोन ठोके देऊन दम खाते का हो? दुसरा म्हणाला, तुझ्या फाइल्स मिसळल्या असतील. मातीची फाइल तयार झाली तेव्हा मी रोह्यात होते, आणि दत्तारामदादाच्या छातीला माझा इलेक्ट्रोड त्याआधी कधी शिवलाच नव्हता! काय मिसळणार?

पण खरा संताप पुढेच. आमच्या साहेबांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी त्या धडाला झेंडूचा हार. लॅबच्या टेबलावर नारळ, कनेक्टरमध्ये कुंकू! शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळे पाया पडून गेले. धाटावच्या दुसऱ्या कंपन्यांतली माणसं शिफ्ट सुटल्यावर दर्शनाला यायला लागली. आणि माझे इलेक्ट्रोड? ज्यांनी राठ, घामट कातडीवरून रेघ उचलून दाखवली, ज्यांच्यामुळे डॉक्टरांना ती सपाट रेघ दिसली, त्यांना कुणी फूल तर सोडाच, पण साधं विचारलंही नाही. पेणमध्येही तेच. ‘दत्तारामला मातीनं वाचवला.’ मामा तर मिशीत हसतो.

महिन्याभरानं मी दादाला बघायला गेले तेव्हा हे सगळं त्याच्यापुढे ओकले. तो पडवीत बसून जाळं दुरुस्त करत होता, चेहऱ्यावर रंग आलेला. खूप हसला. “बाय, तुजा कंगवा मस्तच हाय. पन लोकांना कंगव्याच्या पाया कसा पडता येल?”

हिरावहिनी आतून भाकऱ्या थापत ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली. ती हसत नव्हती.

“बाय, तू रागावतंस तं मी येक इचारू? माती बोलली काय तुजा कंगवा बोलला, मना कल्त नाय. पन ह्यो मानूस वरीसभर सांगत व्हता. बंद पडल्यासारखा होतं, काला पडतं. मुकादमाला सांगितला, डाक्तरला सांगितला, तुज्या मामाला सांगितला. तुना पन सांगितला ना? ह्याला तोंड हाय, जीब हाय. कोन उठला नाय. त्या मातीला तं मुंडका पन नव्हता... तिनं सांगितला तशी तू रोह्यापासून गाडी घेवन धावत आलीस.”

मला राग आला. अगदी ओठांवर आलं की वहिनी, मीच तर आले ना, दुसरं कुणी आलं का? पण ती माझ्याकडे उत्तराची वाट बघत होती, खरंच वाट बघत होती, आणि मी गाडीची किल्ली उचलली.

मातीत ठोके कुठून आले, याचा उलगडा मला आजही नाही. ती नोंद माझ्याकडे आहे. वाचकांपैकी कुणाला शास्त्रानं काही सांगता आलं तर मी ऐकीन, वाद घालीन, आणि पटलं तर मान्यही करीन. पण हिरावहिनीला काय सांगायचं, ते मात्र कुठल्याच शास्त्राला विचारून उपयोग नाही. ती अजून वाट बघतेय. पेणला जाताना मी हल्ली गडबला गाडी थांबवत नाही.